साठ किलोमीटरची किंमत

आरोग्यखात्यातली नोकरी बदलावी की नाही, हे ठरवताना पगार एका पारड्यात आणि गाव दुसऱ्या पारड्यात टाकले जाते. जालना जिल्ह्यात मात्र ही दोन पारडी कधी वेगळी नव्हतीच. इथे गावच पगार ठरवत आले आहे. 1956 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते औरंगाबादला. आजच्या जालन्याचा बहुतेक भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. 1 मे 1981 रोजी जिल्हा वेगळा झाला, तरी पुढचे शिक्षण, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा हे सारे साठ किलोमीटर पलीकडेच राहिले. म्हणून तर ‘अपडाउन’ हा शब्द इथे रुजला. बदनापूरला नेमणूक असेल तर ते निभते. मंठ्याला असेल तर निम्मा जीव रस्त्यातच जातो.

या अंतरावर सरकारी नियमानेही शिक्का मारला. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मिळतो. 2019 च्या दराने औरंगाबादला मूळ वेतनाच्या 16 टक्के, जालन्याला 8 टक्के. 35,400 रुपये मूळ वेतनाच्या अधिपरिचारिकेला तिथे 5,664 रुपये मिळत, इथे 2,832. जालन्यात भाडे कमी, मग भत्ता कमी असणे रास्तच, असे कोणी म्हणेल. पण हा हिशेब फक्त भाड्याचा आहे. घर औरंगाबादला ठेवून इथे खोली घेणाऱ्या बाईला दोन चुली पेटवाव्या लागतात, हे त्या टक्केवारीत कुठेच बसत नाही.

2018 नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. दवाखान्यात किंवा खासगी रुग्णालयात राबणाऱ्या बीएएमएस डॉक्टरांना आणि परिचारिकांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर ही वाट खुली झाली: 25,000 रुपये मानधन आणि कामावर आधारित 15,000 पर्यंत. खासगीतल्या तुटपुंज्या पगारापुढे 40,000 मोठेच, हे मान्य. तरीही त्यातले 15,000 दर महिन्याला नव्याने मिळवायचे, नोकरी कंत्राटी आणि मुख्यालयी राहण्याची अपेक्षा मात्र कायम नोकरासारखी. गावात राहायला लावायचे असेल तर गावाचे मोल पगारात दिसायला हवे. सेवाभावाच्या नावाखाली ते कर्मचाऱ्याच्या खिशातून वसूल करणे अन्यायाचे आहे.

2024 मध्ये जालन्याला स्वतःचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, 100 जागांचे. शिक्षणापुरते तरी आता औरंगाबादकडे पाहावे लागणार नाही. भत्त्याच्या यादीत जालना आहे त्याच वर्गात आहे.