पडद्याला छिद्र नाही

शाळेत फळ्यावर हृदय काढताना आपण एक बाजू निळ्या खडूने आणि दुसरी लाल खडूने रंगवतो. मध्ये जाड पडदा. निळे रक्त लाल कुठे होते, असे विचारले की मुले चटकन ‘फुप्फुसात’ म्हणतात. या एका शब्दापर्यंत पोहोचायला माणसाला हजारांहून अधिक वर्षे लागली.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन, म्हणजे आपल्या हकिमांचा जालिनूस, म्हणे की रक्त यकृतात तयार होते आणि उजव्या निलयातून डाव्यात पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून झिरपते. ती छिद्रे कुणी पाहिली नव्हती. पण जालिनूसपुढे बोलणार कोण? इब्न सीनाने (980-1037) ‘अल-कानून’मध्ये हृदयाला दोनऐवजी तीन निलय मानले.

या ‘कानून’मधील शरीररचनेच्या भागावर इब्न अन-नफीस याने 1242 पर्यंत शरह, म्हणजे भाष्य लिहिले. तो दमिश्कचा, तेथील नूरी इस्पितळात शिकलेला आणि पुढे कैरोत स्थायिक झालेला. तेव्हा वय तिशीच्या आतबाहेर. भाष्यकाराने मूळ ग्रंथ उलगडून सांगावा अशी रीत. याने मूळ ग्रंथच खोडून काढला. निलय दोनच आहेत, मधला पडदा घट्ट आहे, त्याला ना दिसणारे छिद्र आहे ना न दिसणारे. मग रक्त जाते कसे? उजव्या निलयातून धमनीवाटे (अरबी-उर्दूत ‘शिरयान’) फुप्फुसात, तिथे हवेशी मिसळून शिरेवाटे (‘वरीद’) डाव्या निलयात. फुप्फुसातील धमनी आणि शिरा यांच्यामध्ये सूक्ष्म वाटा असल्या पाहिजेत, हेही त्याने तर्काने ताडले. माल्पिघीला त्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या 1661 मध्ये. हृदयाच्या भिंतीचे पोषण तिच्यातच पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून होते, असेही तो सांगतो. आज अँजिओग्राफीत डॉक्टर तपासतात त्या याच वाहिन्या.

आपल्यातील काही उत्साही मंडळी यावरून हार्वेचे सगळे श्रेय काढून घेतात. मला ते पटत नाही. रक्त साऱ्या शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे मोजमाप आणि प्रयोगांनी हार्वेने 1628 मध्ये दाखवले. इब्न अन-नफीसने फक्त फुप्फुसाचा फेरा सांगितला. डाव्या निलयात ‘रूह’ तयार होते ही जुनी कल्पना त्यानेही सोडली नाही. पण तोच फेरा युरोपात सर्व्हेटसने 1553 मध्ये आणि कोलंबोने 1559 मध्ये मांडला, म्हणजे तीनशे वर्षांनी. त्याची कल्पना त्यांच्या कानावर गेली होती का, यावर विद्वानांचा वाद आहे.

इब्न अन-नफीस 1288 मध्ये वारला. घर आणि किताबखाना त्याने कैरोच्या मन्सूरी इस्पितळाला देऊन टाकला होता. त्याचे हृदयावरचे लिखाण मात्र विस्मरणात गेले. जर्मनीत शिकणाऱ्या मुहियुद्दीन अत-ततावी या इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्या भाष्याचे हस्तलिखित सापडले. त्यावर त्याने फ्रायबर्ग विद्यापीठाला प्रबंध सादर केला, ते साल होते 1924.