अंगावरचं कर्ज

दोन वर्षांपूर्वी एका रात्री चिपळूणहून फोन आला. माझ्या जुन्या मित्राच्या मुलाचा. मित्र अठरा वर्षं शारजाच्या एका वर्कशॉपमध्ये होता. महिन्याभरापूर्वीच झोपेत हृदयविकाराने गेला होता. मुलगा आधी इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणाला, "काका, बाबांनी तिकडे बँकेचं कर्ज काढलं होतं. इथे एक माणूस रोज फोन करतोय. म्हणतो, बापाचं कर्ज मुलालाच फेडावं लागतं, कागदावर सही कर. खरं आहे का हे?"

मी म्हटलं, "कशावरही सही करू नकोस. विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. त्यांचं उत्तर दोन वाक्यांत संपलं. ते पुढे सांगतोच. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आपण मराठीत 'अंगावर कर्ज आहे' असं सहज म्हणतो. हे कर्ज नक्की कुणाच्या अंगावर असतं? घेणाऱ्याच्या, त्याच्या घरादाराच्या, की त्याच्या मुलांच्या? शोधायला लागल्यावर दिसलं की अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर लोक हाच प्रश्न दीडशे वर्षं तरी विचारत आले आहेत.

आधी या काठाचं सांगतो. तेल निघण्यापूर्वी इथली कमाई होती मोत्यांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यावरून बाराशेच्या आसपास होड्या मोती काढायला निघत आणि त्यांवर वीसेक हजार माणसं असत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार महिने समुद्रात. होडीच्या प्रमुखाला इथे 'नाखुदा' म्हणतात. आपल्या कोकणातला 'नाखवा' तोच. बुडी मारणाऱ्याला पगार नसे. हंगामाच्या शेवटी मोती विकले गेले की खर्च वजा जाता वाटा मिळे. मग घर कशावर चालायचं? निघण्यापूर्वी नाखुदा उचल देई, तिला 'सलफ' म्हणत. नाखुदाही स्वतःच्या पैशाने ती देत नसे. त्याला मोत्यांचा व्यापारी देई आणि व्यापाऱ्याला बरेचदा भांडवल पुरवत ते इथे पेढ्या घालून बसलेले हिंदी व्यापारी. मोत्यांचा मोठा भाग मुंबईला जाई. तिथे ते भोक पाडून, निवडून, ओवून पुढे युरोपात जात. साखळीचं एक टोक मुंबईच्या मोती बाजारात आणि दुसरं टोक समुद्राच्या तळाशी श्वास कोंडून बसलेल्या माणसाच्या नाकावरच्या चिमट्यात.

हंगाम वाईट गेला की वाटा उचलीपेक्षा कमी भरे. उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढे. हिशोबाची वही नाखुदाकडे, आणि बुडी मारणाऱ्याला अक्षरओळख नाही. ज्याच्याकडे बाकी आहे त्याला दुसऱ्या होडीवर जायचं असेल, तर पहिल्या नाखुदाकडून 'बरवा' नावाची चिठ्ठी आणावी लागे. तिच्यात बाकीचा आकडा असे आणि नव्या नाखुदाने तो आकडा स्वतःवर घेतला तरच माणूस सुटे. आपल्यातल्या जुन्या लोकांना इथलं 'एनओसी' आठवत असेल. तसाच हा प्रकार. आणि बाप मेला की बाकी मुलाच्या नावावर चढे. बापाची बाकी फेडायला मुलगा त्याच नाखुदाच्या होडीवर चढे.

काही जण पळून जात. दुबईचा ऋणको रातोरात शारजाला गेला की तिथला शेख त्याला आसरा देई, कारण बुडी मारणारी माणसं प्रत्येकालाच हवी होती. त्यावरून तंटे होत. म्हणून १८७९ साली या किनाऱ्यावरच्या शेखांनी इंग्रजांच्या मध्यस्थीने आपसांत एक करार केला: कर्ज बुडवून पळालेला माणूस आपल्या हद्दीत आला तर त्याला परत द्यायचं.

१८७९ हे साल वाचून मी थबकलो, कारण ते आपल्याकडेही ओळखीचं आहे.

पुणे जिल्ह्यात, भीमथडी भागातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजारच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. त्यात लक्षात राहण्यासारखी गोष्ट अशी, की सावकारांच्या जिवाला फारसा हात लागला नाही. लोकांना हवी होती ती खतं, म्हणजे कर्जरोखे. ते मागून घ्यायचे आणि जाळायचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला तेव्हा कर्ज सहज मिळालं; भाव पडल्यावर वसुली सुरू झाली, सरकारने सारा वाढवला. त्यात मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी खत नवं करायचं आणि त्यात व्याज मुद्दलात मिळवायचं, हा रिवाज पडला होता. खतात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे.

चौकशी आयोग बसला आणि अखेर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. पुढे न्यायमूर्ती रानडे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली, कोर्टाने खतावरचा आकडा जसाच्या तसा न धरता व्यवहार मुळापासून तपासायचा. दुसरी, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही, तुरुंगात टाकायचं नाही.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच हिंदुस्थान सरकारच्या छत्राखाली दोन कागद झाले. पुण्याकडच्या कागदाने ऋणकोचं शरीर सावकाराच्या हातून सोडवलं. दुबईकडच्या कागदाने पळालेल्या ऋणकोला धरून परत द्यायचं ठरवलं. फरक का पडला असेल? माझा अंदाज असा: सुप्याच्या लोकांनी कागद जाळले तेव्हा सरकारला पुढच्या बंडाची भीती वाटली. इथल्या बुडी मारणाऱ्यांच्या बाबतीत मात्र भीती होती ती शेखा-शेखांमधल्या भांडणाची, म्हणून तोडगाही शेखांच्या सोयीचा निघाला.

आता मित्राच्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. मुलावर बापाचं कर्ज, ही फक्त इकडची रीत नव्हती. हिंदू धर्मशास्त्रात पित्याचं ऋण फेडणं हे पुत्राचं कर्तव्य, आणि मुंबई इलाख्यात तर बापाकडून छदाम मिळालेला नसला तरी मुलाला जबाबदार धरत. १८६६ साली मुंबई सरकारने हिंदू वारसांसाठी कायदा केला आणि ठरवलं, की वारसाकडे जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. वडिलार्जित एकत्र मालमत्तेच्या संदर्भात हे पुत्रकर्तव्य पुढेही टिकून होतं. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा त्यापुढच्या कर्जांपुरतं तेही संपलं.

इकडच्या शरियतचा नियमही त्याच दिशेचा आहे. मयताच्या मालमत्तेतून आधी अंत्यविधीचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्रातल्या देणग्या, आणि उरेल ते वारसांचं. मालमत्ता पुरली नाही म्हणून वारसाने स्वतःच्या खिशातून द्यायचं, असं त्यात नाही. मोत्यांच्या धंद्यातली रीत धर्माच्या नियमापेक्षा नाखुदाच्या वहीवर चालत होती. शेजारच्या बहारीनमध्ये १९२० च्या दशकात सुधारणा झाल्या आणि प्रत्येक बुडी मारणाऱ्याकडे त्याच्या हिशोबाची वही असावी असं ठरलं. या किनाऱ्यावर मात्र ही व्यवस्था कायद्यापेक्षा मंदीने मोडली. जपानचे संवर्धित मोती आले, १९२९ नंतर बाजार बसला आणि उचल द्यायलाच कुणी उरलं नाही.

वकिलांनी सांगितलेली दोन वाक्यं आता समजतील: "वारस म्हणून त्याच्याकडे बापाचं जे येईल त्यापलीकडे मुलाचं देणं नाही. पण त्याने नव्या कागदावर सही केली, तर ते कर्ज त्याचं स्वतःचं होईल."

म्हणूनच तो माणूस सहीसाठी मागे लागला होता.

इथे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या मनात आणखीही काही जुन्या समजुती आहेत, त्यांचंही बोलून टाकतो. पहिली, चेक वटला नाही की तुरुंग. १९८७ च्या दंडसंहितेपासून बरीच वर्षं तसंच होतं. २००८-०९ च्या मंदीत विमानतळावर गाड्या सोडून गेलेल्या लोकांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ती भीती खरी होती. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नाहीत एवढ्या कारणाने चेक परत येणं हा गुन्हा राहिला नाही. पण तो चेक आता थेट वसुलीच्या कोर्टात नेता येतो, वेगळा दावा लावावा लागत नाही. आणि मुद्दाम खातं बंद करणं, चुकीची सही करणं, विनाकारण पैसे थांबवणं हे अजूनही गुन्हेच आहेत. गंमत म्हणजे भारतात चेक न वटणं आजही फौजदारी गुन्हा आहे.

दुसरी समजूत, विमानात बसलं की कर्ज मागे राहिलं. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भारताने अमिरातींच्या न्यायालयांना मान्यता दिली. दुबईच्या कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा आता रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात अंमलात आणता येतो. नोटीसच मिळाली नव्हती किंवा फसवणूक झाली, असे आक्षेप घेता येतात. पण गप्प बसून ते घेता येत नाहीत. १८७९ मध्ये शेख माणूस परत देत असत, आता हुकूमनामा प्रवास करतो.

तिसरी, पासपोर्ट मालकाकडे ठेवणं ही रीतच आहे. नाही. फेब्रुवारी २०२२ पासूनच्या कामगार कायद्यात कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायला आणि त्याच्याकडून भरतीचा खर्च घ्यायला मनाई आहे. तरीही गावाकडे एजंटला पैसे मोजून, दागिने गहाण टाकून येणारे येतातच. निघण्याआधीच बाकी सुरू झालेली असते. सलफ हा शब्द कुणाला माहीत नसला तरी गोष्ट तीच.

मित्राच्या मुलाने वकिलांच्या सांगण्यावरून बँकेला मृत्यूचा दाखला पाठवला आणि कर्जाबरोबर विमा होता का, ते लेखी विचारलं. होता. हप्त्यातून दर महिन्याला त्याचे पैसे कापले जात होते, घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाच-सहा महिने कागद इकडून तिकडे गेले आणि खातं बंद झालं. कंपनीकडून बापाची ग्रॅच्युइटी आली, तीही पूर्ण मिळाली.

गेल्या गणपतीत तो भेटला. म्हणाला, "काका, तेव्हा मी पेन हातात घेतलं होतं. आई म्हणाली, आधी काकांना विचार."

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. इथे ज्यांच्या नावावर कर्ज आहे, त्यांनी आज रात्री घरी फोन करून किती आहे, कुठल्या बँकेचं आहे आणि विमा आहे का, हे सांगून ठेवा. मोती काढणाऱ्यांच्या घरच्यांना वही वाचता येत नव्हती. आपल्या घरच्यांना येते, फक्त आपण ती दाखवत नाही.