शिऊरच्या बहिणाबाईंनी लिहून ठेवलेलं दुःख

बहिणाबाई म्हटलं की आपल्याला खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. आज मी त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या बहिणाबाईंविषयी बोलणार आहे.

ही बहिणा १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावात जन्मली. बाप आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तीन-पाच वर्षांची असताना तिचं लग्न लावलं. नवरा गंगाधर पाठक, बिजवर, तिशीचा. पुढं भाऊबंदांची भांडणं वाढली आणि आईबाप, जावई, लेक असं सगळं घर गाव सोडून निघालं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत कोल्हापूरला टेकलं. पोट भरायला गाव सोडावं लागतं ते आपल्या ऊसतोडीच्या बायांना सांगायला नको.

कोल्हापुरात त्यांना एक गाय मिळाली. तिच्या वासराला बहिणेचा इतका लळा, की कीर्तनालाही ते तिच्या मागं जायचं. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली, लोकांनी वासराला बाहेर काढलं. स्वामींनी ते परत आत बोलावलं आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. झालं, गावभर चर्चा. कोणीतरी ते नवऱ्याच्या कानावर घातलं. त्यानं वेणी धरून तिला मारलं आणि बांधून टाकलं. गाय-वासरानं वैरण सोडली. वासरू त्यातच गेलं.

त्यानंतर बहिणा काही दिवस शुद्धीवर नव्हती. त्यात तिला स्वप्नात तुकोबा दिसले, आणि तिनं त्यांना गुरू मानलं. नवरा वैदिक ब्राह्मण, तुकोबा त्याच्या लेखी शूद्र. वर लोक बायकोच्या पाया पडायला येऊ लागले. मग मला कोण विचारणार, हे त्याचं खरं दुखणं. ती तीन महिन्यांची गरोदर असताना तो तिला टाकून जायला निघाला. तेवढ्यात तोच आजारी पडला आणि तिनंच त्याची सेवा केली. बरा झाल्यावर त्याचं मन पालटलं आणि सगळे देहूला गेले.

आता कोणी म्हणेल, बघा, बाईनं सोसलं म्हणून देव पावला. बचत गटाच्या बैठकीतही एखादीच्या अंगावर वळ दिसले की दुसरी हळूच म्हणते, देवाच्या मनात असेल तसं होईल. मला बहिणेच्या गोष्टीत हे दिसत नाही. तिचा पांडुरंगावरचा भरवसा मुका नव्हता. ती त्याला जाब विचारते. बाईचा देह दिलास, शास्त्रं बाईला जवळ येऊ देत नाहीत, मग मी तुझ्यापर्यंत पोचू कशी? आणि मुख्य म्हणजे तिनं मार झाकला नाही. आत्मनिवेदनाच्या अभंगांत वेणी धरल्यापासून सगळं सांगितलं. आपण आजही दवाखान्यात ‘पाय घसरून पडले’ म्हणतो.

तिनं पतिव्रतेच्या धर्मावरही अभंग रचले, नवऱ्याची सेवा थोर मानली. ते मला पटत नाही, पण ते नाहीतच असं दाखवणंही बरं नव्हे. त्या काळी तिला दुसरा आसरा कुठला होता? आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ नंबर आहे. तिच्याजवळ पांडुरंग होता आणि अभंग होते. तेवढ्यावर तिनं भजन सोडलं नाही, गुरू बदलला नाही.

देहूतही सुख लागलं नाही. तुकोबांचा छळ करणारा मंबाजी तिथं हिच्याही वाटेला गेला. पुढं घर शिऊरला आलं. शेवटच्या दिवसांत तिनं मुलाला, विठोबाला, जवळ बोलावलं आणि आपल्या आधीच्या जन्मांच्या हकिकती सांगितल्या. त्याही अभंगांत आहेत. १७०० साली ती गेली. वैजापूर तालुक्यात शिऊरला तिची समाधी आहे.