सामनच्या अंगावरच्या उवा

१९७० साली नॉर्वेतल्या हित्रा बेटावर ओवे आणि सिव्हर्त ग्रोंत्वेत या भावांनी सामन माशाची पिल्लं समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यात सोडली. धंद्याला बरकत आली, तशी उवांनाही. समुद्रातला मोकळा सामन नदीत शिरला की गोड्या पाण्यात त्याच्या उवा गळून पडतात. पिंजऱ्यातल्या माशाला ती सोय नाही.

ही ऊ म्हणजे कवचधारी जीव, कोळंबीच्या गोतातली. प्रौढ मादी सेंटीमीटरभर लांब, मागे अंड्यांच्या दोन लांब माळा. ती माशाची कातडी, चिकटा आणि रक्त खाते. जखमा वाढल्या की मासा दगावतो.

सुरुवातीला कीटकनाशकं पाण्यात मिसळली, पुढे खाद्यातून औषध दिलं. उवा दरवेळी औषधाला पुरून उरल्या. मग उवा वेचून खाणारे छोटे मासे पिंजऱ्यात सोडले. कल्पना सुरेख, पण त्यांतले असंख्य मासे तिथेच मरतात आणि त्याची बोच लागायलाच हवी. कोमट पाण्याच्या आंघोळीनेही उवा सुटतात, मात्र सामन वेदनेने तडफडतो.

२०१७ पासून नॉर्वेने किनाऱ्याचे १३ विभाग पाडले आहेत. उवांमुळे मोकळ्या सामनची पिल्लं जिथे फार मरतात, तिथे उत्पादन कमी करायला लावतात.