चौकोनी लहरीची गोष्ट



शेतात दारं धरणारा गडी आपण सर्वांनी पाहिला आहे. पाटाचे पाणी या वाफ्यात तरी असते, नाहीतर त्या वाफ्यात तरी. विजेचा दाबही असाच एकदम चढवला, थोडा वेळ ठेवला, एकदम उतरवला आणि हे सारखे चालू ठेवले, तर कागदावर त्याची आकृती किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी उमटते. हिलाच चौकोनी लहर म्हणतात. ती शाळेच्या टेबलापर्यंत कशी आली, ते आज पाहू.

पॅरिसला एकोल नॉर्माल नावाची नामांकित संस्था आहे. शिक्षक घडविण्यासाठीच ती मूळ निघाली. तिथले आँरी आब्राम आणि यूजेन ब्लॉक हे दोन भौतिकशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात एका अडचणीत गुंतले होते. बिनतारी संदेशाच्या लहरी सेकंदाला लाखो वेळा कंप पावतात. त्या मोजायच्या कशा?

त्यांनी दोन व्हॉल्व्ह असे जोडले की एक चालू झाला की दुसरा बंद पडावा. मधले कंडेन्सर भरत, रिकामे होत, आणि पाळी बदले. गडी नाही, फावडे नाही. पाणी आपले आपणच वळते आहे! या लहरीत मूळ कंपनाच्या कितीतरी पटींची कंपनेही असतात. मूळ वेग नादकाट्याशी ताडून पाहिला, की त्या पटींची मोजपट्टी तयार होते. या अनेक कंपनांवरूनच त्यांनी यंत्राला 'मल्टिव्हायब्रेटर' हे नाव दिले. हे काम 1919 साली प्रसिद्ध झाले.

पुढे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. 1971 साली हान्स कामेनझिंड यांनी अमेरिकेत '555' नावाची चिप आखली. नखाएवढी ही चिप, दोन-तीन रोध आणि एक कंडेन्सर, एवढ्यावर चौकोनी लहर मिळू लागली. तरी तिचा वेग कंडेन्सरवर अवलंबून. आणि कंडेन्सर काही अगदी नेमक्या मापाचा मिळत नाही.

मग मायक्रोकंट्रोलर आला. तो भरण्या-रिकामे होण्याची वाट पाहत नाही, तो मोजतो. समजा, त्याचा स्फटिक सेकंदाला 80 लाख ठोके देतो. दर 4,000 ठोक्यांनी दार बदलले, तर सेकंदाला 2,000 बदल, म्हणजे 1,000 पूर्ण लहरी. पाचवीच्या मुलाला जमेल असा हा भागाकार!

आपल्याकडे दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय प्रवेगक केंद्राने 2004 साली 'फिनिक्स' हा प्रकल्प हाती घेतला. कमी खर्चाची उपकरणे करायची आणि शिक्षकांना ती वापरायला शिकवायचे, हा त्याचा हेतू. त्यातूनच पुढे 'एक्सपआईज' ही लहानशी पेटी निघाली. संगणकाला जोडली की ती चौकोनी लहर देते आणि बाहेरून आलेले विजेचे संकेत मोजतेही. तिचा आराखडा आणि प्रोग्रॅम सर्वांना खुले आहेत.

गुरुजींनो, तिला एक छोटा बझर जोडून पाहा. आकडा दुप्पट करा. तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येईल. पेटीवर गाणारी पोरं लगेच ओळखतील. मग लंबकाच्या वाटेत प्रकाशाचा अडसर ठेवून एका झोक्याचा वेळ मोजा आणि पृथ्वीचे आकर्षण काढा. पुस्तकातला 9.8 हा आकडा पाठ करणे वेगळे, आणि आपल्या हाताने 9.7 किंवा 9.9 काढून 'फरक का पडला?' असे विचारणे वेगळे. विज्ञान त्या प्रश्नापासून सुरू होते.

जाता जाता एक सांगतो. आब्राम आणि ब्लॉक हे दोघेही ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांना पकडून आउशविट्झच्या छळछावणीत नेले. 1943 साली आब्राम गेले, 1944 साली ब्लॉक. त्यांची युक्ती मात्र मारता आली नाही. एखाद्या खेड्यातल्या शाळेत तो बझर वाजेल, तेव्हा मुलांना ही दोन नावे जरूर सांगा.