लताबाईंचा आवाज आणि ध्वनिमुद्रणाचें यंत्र

गायकाचा आवाज एकदां तबकडींत साठविला, म्हणजे तो जसाच्या तसा कायमचा हातीं लागला, अशी समजूत सर्वत्र आढळते. पण जुनी तबकडी ऐकतांना कानीं पडतो तो केवळ गळा नव्हे. त्या काळचें यंत्र, ती खोली आणि गायकाचें मायक्रोफोनपासूनचें अंतर हींहि त्यांत मुद्रित झालेलीं असतात. लता मंगेशकर यांच्या आवाजाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

१९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर उभें राहून खड्या आवाजांत गावें, तेव्हां कोठें मेणावर रेघ उमटे. नाटकगृहांतहि शेवटच्या रांगेपर्यंत पोंचणारा भरदार गळाच हवा असे. १९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू झालें आणि १९३५ च्या ‘धूप छांव’ या चित्रपटापासून हिंदींत पार्श्वगायनाची प्रथा पडली. हळुवार सूर टिपणारा कान यंत्राला लाभला. ऐकणारांची आवड मात्र लागलीच बदलली नाहीं.

मास्टर दीनानाथ १९४२ च्या एप्रिलांत वारले. थोरली मुलगी लता तेव्हां अवघी बारा वर्षांची होती. घर चालविण्याचा भार तिच्यावर आला. त्याच वर्षींच्या ‘किती हसाल’ साठीं तिनें गायिलेलें गाणें चित्रपटांतून गाळण्यांत आलें. पुढें मुंबईंत एका निर्मात्यानें हा आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारला. भरदार आवाजाच्या त्या दिवसांत या नकाराचें नवल नव्हतें. पण ज्या घराचें पोट गाण्यावर अवलंबून होतें, त्याला हा निकाल सोसण्यासारखा नव्हता. संगीतदिग्दर्शक गुलाम हैदर यांना तो पटला नाहीं. १९४८ च्या ‘मजबूर’ मध्यें त्यांनीं तिला संधि दिली. त्या सुमाराच्या तिच्या गाण्यांवर नूरजहान यांची छाया स्पष्ट दिसते.

१९४९ सालीं ‘महल’ आला. खेमचंद प्रकाश यांना दुरून जवळ येणारा आवाज हवा होता आणि तो परिणाम साधून देणारें साधन हाताशीं नव्हतें. तेव्हां गायिकेला मायक्रोफोनपासून दूर उभें केलें आणि गात गात त्याच्याकडे चालत येण्यास सांगितलें. तबकडीवर नांव छापलें गेलें तें चित्रपटांतील कामिनी या पात्राचें. परंतु गाणारी कोण, अशी विचारणा रेडिओकडे होऊं लागली आणि खरें नांव घरोघर पोंचलें.

मायक्रोफोनजवळ श्वास केव्हां व कसा घ्यावा, म्हणजे तो ऐकूं जाणार नाहीं, हें अनिल विश्वास यांच्याकडून शिकल्याचें लताबाई सांगत. त्या काळीं सारा वाद्यवृंद आणि गायिका एकाच वेळीं गाणें वठवीत. एकाची चूक झाली कीं सर्वांना पुनः आरंभापासून सुरुवात करावी लागे. या शिस्तींत नूरजहान यांची छाया गळून पडली, आणि १९५० नंतरच्या दशकांत तो स्वच्छ, स्थिर, वरच्या पट्टींत सहज फिरणारा सूर सिद्ध झाला. पातळ म्हणून नाकारलेला गळाच आतां स्त्रीगायनाचें माप ठरला. त्याची दुसरी बाजूहि विसरतां येत नाहीं. जोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी यांसारख्या भरदार गळ्याच्या गायिका याच काळांत मागें पडल्या. यंत्रानें एक दार उघडलें, तेव्हां दुसरें लोटलें गेलें.

पुढें अनेक पट्ट्यांची चुंबकीय फीत आली व नंतर संगणक आला. वादकांनीं आपला भाग एके दिवशीं वाजवावा, गायिकेनें दुसऱ्या दिवशीं कानांशीं यंत्र लावून एकटीनें गावें, अशी रीत पडली. १९९८ च्या ‘दिल से’ साठीं लताबाई ए. आर. रहमान यांच्या चेन्नई येथील स्टुडिओंत गायिल्या. २००६ सालीं ‘रंग दे बसंती’ प्रदर्शित झाला, तेव्हां त्यांची पंचाहत्तरी उलटली होती. दम आखूड झाला होता आणि सुराला किंचित् कंप आला होता. या वयांत आवाजाभोंवतीं हवी ती पोकळी व घुमारा यंत्रच निर्माण करूं शकत होतें. ‘महल’ च्या वेळीं तें काम गायिकेच्या पावलांनीं केलें होतें.

६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लताबाईंचें निधन झालें. मागें राहिलेल्या मुद्रणांची तुलना करतांना कोवळा आवाज चांगला व उतरता आवाज वाईट, असा झटपट निवाडा करणें अन्यायाचें होईल. प्रत्येक तबकडींत वय आणि यंत्र यांचा वेगवेगळा वांटा आहे. तो ओळखून ऐकल्यास, बदलत्या यंत्रापुढें न बदललेली एक गोष्ट कानीं येते, आणि ती म्हणजे शब्दाचा अर्थ सुरांत अचूक ठेवण्याची निष्ठा.