जहाजाचा तळ आणि पाण्याचा हिशेब

श्रोतेहो, आरमारांचा आणि दर्यावर्दी व्यापाराचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. त्यात शिडे असतात, तोफा असतात, धाडसी कप्तान असतात आणि बंदरात उतरवलेल्या मालाचे आकडेही असतात. परंतु जहाजाचा जो भाग सदैव पाण्याखाली राहतो त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो, आणि तो भाग खरवडून साफ करणाऱ्या माणसांचा तर त्याहूनही क्वचित. वस्तुतः जहाज किती वेगाने चालेल, किती वर्षे टिकेल आणि मालकाला किती नफा देईल हे पुष्कळ अंशी त्या तळावरच ठरत आले आहे. त्या तळाच्या साफसफाईचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. तो मांडताना एक साधा प्रश्न आम्ही शेवटपर्यंत सोडणार नाही. तळावरची घाण निघाली ती गेली कोठे, आणि ती काढण्याचा खर्च पडला कोणाच्या खात्यावर?

प्रथम ही घाण म्हणजे काय ते पाहू. कोणतीही वस्तू समुद्रात बुडवून ठेवली की थोड्याच काळात तिच्यावर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. त्यावर शेवाळ धरते. मग पाण्यात तरंगणारी बार्नकल या जीवाची पिल्ले जागा शोधीत येतात. हा कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला प्राणी. तो डोके तळाला टेकतो, अंगच्या चिकट रसाने कायमचा चिकटतो आणि भोवती चुन्याचे कवच बांधतो. भरतीच्या खडकांवर अनवाणी पायाला कापणारी पांढरी खरखरीत टोके असतात ती याचीच. तळ असा खडबडीत झाला की शिडाचे जहाज रेंगाळते आणि इंजिनाचे जहाज त्याच वेगासाठी अधिक इंधन जाळते. लाकडी जहाजाला आणखी एक वैरी असे. टेरेडो नावाचा, दिसायला किड्यासारखा पण जातीने शिंपल्यांतला एक जीव फळ्या आतून पोखरतो. वरून धड दिसणारी फळी आतून चाळणी झालेली असते.

यावरचा जुना उपाय अंगमेहनतीचा होता. आपल्या खाड्यांतून उधाणाच्या भरतीला गलबत उथळ जागी आणीत, ओहोटीला पाणी उतरले की ते एका अंगावर कलते करीत आणि पुन्हा भरती येण्यापूर्वी तळ खरवडून घेत. मग चुना आणि चरबी एकत्र घोटून त्याचा लेप पाण्याखालच्या फळ्यांना देत. ही रीत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणि अरबी किनाऱ्यावरही चालत असे. वरच्या लाकडाला माशांच्या यकृताचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोपडीत. युरोपातही जहाज असेच आडवे पाडून, तळाखाली झुडपांचा जाळ करून शेवाळ भाजून काढीत आणि राळ, डांबर, गंधक व चरबी यांचे लेप देत. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले आणि १७५० च्या सुमारास तेथे सुकी गोदी उभी राहिली. जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, पाणी काढून टाकायचे, म्हणजे तळाचे काम भरती-ओहोटीच्या घाईवाचून करता येई.

हा जुना काळ निर्मळ होता असे आम्ही म्हणत नाही. गंधक आणि डांबर काही अमृत नव्हे. परंतु खरवडून पाण्यात पडे ते बहुतांशी समुद्राचेच समुद्राला परत जाई. शेवाळ, शिंपले, चुना. मोबदला द्यावा लागे तो माणसाच्या पाठीचा आणि वेळेचा. जहाज जितके दिवस आडवे पडून राही तितके दिवस मालकाचे भांडवलही आडवे पडून राही, आणि भांडवलाला हे कधीच रुचत नाही.

म्हणून खरवडावेच लागणार नाही असा तळ करता येईल काय, याचा शोध सुरू झाला. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले आणि ते वेस्ट इंडीजच्या उष्ण, किडीने भरलेल्या पाण्यात पाठवले. परत आल्यावर दिसले की तळाला शेवाळ नाही, कीड नाही; मात्र तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे गंजून झिजले होते. काही खिळ्यांच्या टोपीखाली मूळ वेष्टणाचा कागद चुकून राहिला होता, तेवढेच शाबूत होते. तांबे, लोखंड आणि खारे पाणी एकत्र आले की लोखंडाचा बळी जातो हा धडा त्या कागदाने दिला. १७७९ नंतर चार्ल्स मिडल्टन या अधिकाऱ्याच्या आग्रहाने दोन-तीन वर्षांत बहुतेक सारे आरमार तांब्याने मढवले गेले.

इतिहासाची पुस्तके येथे टाळ्या वाजवून पुढे जातात. आम्ही थोडे थांबू. हे तांबे पुष्कळसे वेल्समधील अँगल्सी बेटावरच्या पॅरिस माउंटन या डोंगरातून आले. (फ्रान्सच्या राजधानीशी या नावाचा संबंध नाही.) तेथे पुरुष डोंगर पोखरीत आणि स्त्रिया हातोड्याने खनिजाचे दगड फोडीत बसत. त्या डोंगरातून निघणाऱ्या ओढ्याचे नावच वेल्श भाषेत ‘लाल नदी’ असे आहे. खाण केव्हाच थंडावली, तरी त्या ओढ्यातून आम्लयुक्त, तांबे आणि जस्त मिसळलेले पाणी आजही समुद्राकडे वाहते आहे. तळ चकचकीत झाला एका ठिकाणी आणि पाणी नासले दुसऱ्या ठिकाणी.

तांब्याच्या अंगात असे काय आहे की त्यावर जीव बसत नाही? याचे उत्तर नामांकित रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांच्या एका फसलेल्या यशातून मिळाले. खाऱ्या पाण्यात तांबे हळूहळू झिजते आणि नवे पत्रे लावण्याचा खर्च येतो, अशी आरमाराची तक्रार होती. १८२४ साली डेव्हींनी उपाय सुचवला. पत्र्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडा; ते झिजतील आणि तांबे वाचेल. आपल्या कोचीन बंदरात बांधलेले ‘समरंग’ हे जहाजही या प्रयोगासाठी घेतले होते. तांबे खरोखरच झिजायचे थांबले. पण त्याबरोबर तळावर शेवाळ आणि बार्नकल दाट धरू लागले! पुढच्याच वर्षी आरमाराने ही योजना सोडली.

श्रोतेहो, या कथेचे मर्म येथे आहे. तांबे झिजत होते म्हणूनच तळ स्वच्छ राहत होता. झिजलेले तांबे पाण्यात विरघळून तळाला चिकटू पाहणाऱ्या जीवाला मारीत होते. म्हणजे ज्याला आपण स्वच्छ तळ म्हणत होतो तो सतत विष सोडणारा तळ होता. हे १८२५ सालीच सिद्ध झाले. परंतु ते विष पुढे कोणाकोणाच्या पोटात जाते हे विचारायला आणखी दीडशे वर्षे लागली. विचारणार कोण? जहाजाच्या मालकाला विचारण्याचे कारण नव्हते, आणि ज्याला कारण होते त्याचे ऐकणार कोण?

पुढे लोखंडी जहाजे आली. लोखंडाला तांब्याचा पत्रा थेट लावता येत नाही, लोखंडच गंजते. म्हणून विष रंगात कालवण्याची युक्ती निघाली. तांब्याचे, पाऱ्याचे, सोमलाचे क्षार घातलेले नाना प्रकारचे रंग बाजारात आले. १८६५ सालापर्यंत एकट्या इंग्लंडात अशा मिश्रणांची तीनशेहून अधिक पेटंटे घेतली गेली होती. रंगातले विष संपले की तो रंग खरवडायचा आणि नवा द्यायचा. येथून पुढे तळावरून जे निघू लागले ते केवळ शेवाळ आणि शिंपले नव्हते. त्यांच्याबरोबर विषारी रंगाच्या खपल्याही गोदीच्या गाळात पडू लागल्या.

या खपल्या काढणारे हात कोणाचे? जगातल्या प्रत्येक बंदरात हे काम सर्वांत खालच्या मजुरीचे राहिले आहे. मुंबईच्या गोदीत त्याला ‘चिपिंग-पेंटिंग’ म्हणतात. हातोडी घेऊन गंज आणि जुना रंग ठोकून काढायचा, तारेच्या ब्रशाने घासायचे आणि नवा रंग फासायचा. उडणारी धूळ नाकातोंडात जाते, ओहोटीबरोबर तीच धूळ पाण्यात जाते. आम्ही कामगार चळवळीत वाढलो, म्हणून आम्हांस या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत. जे विष कामगाराच्या छातीत बसते तेच कोळ्याच्या जाळ्याखाली बसते, आणि मालकाच्या जमाखर्चात दोन्ही ठिकाणी शून्य लिहिलेले असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषाला नवा राजा मिळाला. कथिलापासून बनणारे ट्रायब्युटिल्टिन, संक्षेपाने टी.बी.टी., १९६० च्या दशकात रंगात येऊ लागले. ते इतके प्रभावी होते की एकदा रंग दिला म्हणजे जहाज वर्षानुवर्षे स्वच्छ राही. धनिकांच्या सहलीच्या होड्यांपासून प्रचंड तेलवाहू जहाजांपर्यंत सर्वत्र ते पसरले. मग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील आर्काशाँ उपसागरातून तक्रार आली. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कालवांची शेती चालते, आणि त्याच पाण्यात सहलीच्या हजारो होड्या उभ्या असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लागोपाठ काही वर्षे कालवांची पिल्लेच जगेनात. जी मोठी झाली त्यांची शिंपी जाड, वेडीवाकडी होऊ लागली. आत मांस थोडे आणि कवचच फार. असे कालव विकत घेणार कोण? धंदा बुडू लागला, शास्त्रज्ञांनी पाणी तपासले आणि बोट टी.बी.टी.कडे वळले. जानेवारी १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरहून लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली आणि कालवांची पैदास पुन्हा सुरू झाली.

इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर शास्त्रज्ञांना याहून विचित्र प्रकार दिसला. खडकांवर राहणाऱ्या एका जातीच्या समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटत होते आणि कित्येकींना अंडी घालणे अशक्य झाले होते. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग टी.बी.टी. असले तरी हा विकार सुरू होतो. ब्रिटनने १९८७ साली लहान बोटींवर बंदी घातली. मोठी जहाजे मात्र सुटली, कारण त्यांच्यामागे मोठा पैसा होता. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो अमलात यायला २००८ साल उजाडले. आर्काशाँच्या कालवांपासून पंचवीसहून अधिक वर्षे! बंदरांच्या गाळात पूर्वी साचलेले टी.बी.टी. कायद्याने नाहीसे झाले नाही. गाळ उपसला की ते पुन्हा वर येते.

तर मग तळ साफच करू नये काय? तसे म्हणणे अज्ञानाचे होईल. घाणेरडा तळ इंधन खातो आणि परक्या पाण्यातले जीव घेऊन फिरतो. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा एक लहान शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणम् बंदरात आढळला, पुढे मुंबईतही. तोच १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या बोटतळांवर सापडला, तेव्हा तेथील सरकारने बोटींचे धक्के बंद करून पाण्यात क्लोरीनचे द्रव आणि मोरचूद ओतले. शिंपला मेला, पण त्या कोंडलेल्या पाण्यातला बाकीचा जीवही मेला. वेळीच केलेली साफसफाई पाण्याचेच रक्षण असते.

प्रश्न साफसफाई कोठे आणि कशी करावी एवढाच आहे, आणि त्याची उत्तरे आज उपलब्ध आहेत. बोट पाण्याबाहेर काढून पक्क्या फरशीवर धुवावी, फरशीला उतार देऊन धुवण गाळणीच्या टाकीत घ्यावे. रंग घासणाऱ्या यंत्राला धूळ ओढून घेणारी नळी जोडावी. पाण्याखाली ब्रश चालवायचाच झाला तर निघालेले सारे शोषून वर घ्यावे. विषाऐवजी इतका गुळगुळीत सिलिकोनचा लेप निघाला आहे की जीव चिकटले तरी जहाज चालू लागताच पुष्कळसे सुटून जातात. स्वीडनमध्ये लहान बोटी विषारी रंगावाचून ठेवून फिरत्या ब्रशांच्या धुणावळीवर घासून घेता येतात.

आपल्या कोकणात निसर्गानेच सोय केली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी रंगवतात. त्या वेळी होडी भरतीच्या रेषेच्या वर घ्यावी, खाली ताडपत्री अंथरावी, तळ कोरडा असतानाच खरवडावा आणि पाऊस येण्यापूर्वी खपल्या गोळा कराव्यात. एवढ्याने पुष्कळ साधेल. परंतु गोळा केलेल्या खपल्या टाकायच्या कोठे? पक्की फरशी आणि गाळणीची टाकी एकट्या कोळ्याने कशी बांधावी? येथे उपदेश संपतो आणि बंदराच्या कारभाऱ्यांची जबाबदारी सुरू होते. प्रत्येक मच्छीमार बंदरावर अशी जागा हवी, रंगाच्या डब्यावर त्यातले विष मराठीत छापलेले हवे, आणि खरवडणाऱ्याला तोंडावरचा मुखवटा व हातमोजे मालकाच्या खर्चाने मिळायला हवेत.

अडीचशे वर्षांत तळ स्वच्छ करण्याची विद्या पुष्कळ वाढली, पण जोपर्यंत कालवकऱ्याचे नुकसान उघड्या बाजारात दिसले नाही तोपर्यंत पाण्याचा हिशेब कोणी मांडला नाही. गोदीतला कामगार आणि खाडीतला कोळी यांनी हा हिशेब एकत्र बसून मांडला, तर पुढच्या विषाला पंचवीस वर्षे मिळणार नाहीत.